सव्वाशे मीटरची चूक

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या पायऱ्या चढताना मी आधी ऑफिसबाहेरच्या नोटीस बोर्डावरची ट्यूब बघायचे. ती चालू असली की उरलेल्या पायऱ्या मी सावकाश चढायचे. बंद असली, म्हणजे लोणावळ्यातली लाइट गेलेली असली, की एकदम मोकळं वाटायचं. आणि असं मोकळं वाटतंय याची लगेच लाजही वाटायची. गुरुवारी तिसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल असायचं, संगणकावर नकाशे काढण्याचं. ते मी शिकवायचे, आणि मला ते येत नव्हतं.

आज हे वाक्य लिहिता येतंय. तेव्हा ते मी मनातसुद्धा पूर्ण होऊ देत नव्हते. मी भूगोलाची विभागप्रमुख, बावीस वर्षं शिकवत आलेली. नद्या, खडक, पाऊस, जमिनीची धूप यातलं काहीही कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. घाटमाथ्यावर पडलेलं पाणी पूर्वेकडे कसं वळतं ते दाखवायला मी दरवर्षी मुलांना डोंगरावर घेऊन जायचे. मग अभ्यासक्रम बदलला आणि त्यात हा विषय आला. विभागात आम्ही दोघीच. मी कायम, आणि दुसरी तासिका तत्त्वावरची, म्हणजे तासावर नेमलेली. ती तळेगावहून यायची. माझ्यापेक्षा सतरा-अठरा वर्षांनी लहान. नकाशांचं सॉफ्टवेअर तिला उत्तम यायचं, तिचा एम.ए.चा प्रबंधच त्यातला होता. विषय तिला देणं अगदी सरळ होतं.

मी तो दिला नाही. भूगोल घेणारी मुलं कमी होत चालली होती आणि कायम प्राध्यापकाचे आठवड्याचे तास ठरलेले असतात. ते भरले नाहीत तर माणूस अतिरिक्त ठरतो. वर्षभरापूर्वी दुसऱ्या विभागातल्या एका सरांना तास कमी पडले म्हणून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला पाठवलं होतं. घरी तुंगार्लीला सासूबाईंचं सगळं अंथरुणात करावं लागायचं. मी वेळापत्रक करायला बसले तेव्हा प्रॅक्टिकलचे चार तास माझ्या नावापुढे लिहिले आणि कागद पटकन पालथा ठेवला.

शिवाय माझ्याकडे प्रमाणपत्र होतं. टाळेबंदीच्या काळात मी याच विषयाचा दोन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला होता. केला म्हणजे मोबाईल ओट्यावर ठेवून, कॅमेरा आणि माइक बंद करून, पोळ्या लाटत ऐकला होता. शेवटी परीक्षा होती. तिची उत्तरं कुणीतरी ग्रुपवर टाकली, मीही बघून खुणा केल्या. प्रमाणपत्रावर उत्तम श्रेणी आली. ते मी फाइलला लावलं, बढतीच्या अर्जात त्याचे गुण धरले गेले.

वर्गात मी एका वहीच्या आधाराने शिकवायचे. गाइड बघून तिच्यात चौदा पायऱ्या लिहून ठेवल्या होत्या. इथे क्लिक, मग तिथे क्लिक, मग सेव्ह. एखाद्या मुलाने भलतंच बटण दाबलं आणि पडद्यावर वेगळंच काही उघडलं की माझे कान तापायचे. "बंद करून परत सुरू कर," मी म्हणायचे. बहुतेक वेळा त्याने भागायचं. पावणेदोन वाजता तास संपला की स्टाफरूममध्ये जाऊन मी दोन ग्लास पाणी प्यायचे.

त्या वर्गात एक मुलगी होती. पवना धरणाच्या पलीकडच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी तिची वाडी. सकाळी जीपने पवनानगर, तिथून एसटी, पुढे लोकल, असं करत ती साडेदहाला पोचायची आणि पहिल्या बाकावर बसायची. बोलायची कमी, पण मान वर करून ऐकायची. मी सांगितलेलं तिच्या वहीत शब्दन् शब्द असायचं. प्रकल्पासाठी तिने आपल्या वाडीचे पाणवठे घेतले. डोंगरातले तीन झरे, वाडीतली घरं, धरणाचा काठ, हे सगळं एका नकाशावर दाखवायचं. ती प्रत्येक झऱ्यापाशी जाऊन उभी राहिली, मोबाईलवर तिथले अक्षांश-रेखांश घेतले, आणि विभागातल्या जुन्या छापील नकाशावर, जो मी चौदा पायऱ्यांनी संगणकात घेतला होता, ते ठिपके टाकले.

डिसेंबरमधला गुरुवार होता. तिने हात वर केला.

"मॅडम, आमचं घर पाण्यात दिसतंय."

दोन-तीन मुलं हसली. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. खरंच, तिच्या घराचा ठिपका धरणाच्या पाण्यात होता. शेजारची दोन घरंही. झरे आपल्या ओढ्यांपासून सुटून भलत्याच उतारावर बसलेले.

"असं का होतं, मॅडम?"

ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. सगळा वर्ग बघत होता. तेव्हा मी म्हणू शकले असते की मला माहीत नाही. "मोबाईलचं काय खरं?" मी म्हणाले. "डोंगरात सिग्नल नीट मिळत नाही, रीडिंग चुकतं. तुला जागा माहीत आहेत ना? मग ठिपके उचल आणि बरोबर जागी ठेव."

"हाताने हलवले तर चालतील?"

"चालतील."

तिने मान डोलावली आणि माउस हातात घेतला.

एक गोष्ट मला त्याच वेळी दिसायला हवी होती. सगळे ठिपके एकाच बाजूला, वायव्येकडे सरकलेले होते. मोबाईल चुकला असता तर एक इकडे गेला असता, एक तिकडे. भूगोल शिकवणाऱ्या माणसाला हे कळायला संगणकसुद्धा लागत नाही. पण मला तिथून निघायची घाई होती.

नकाशा देखणा झाला. कॉलेजची पाहणी करायला बाहेरून समिती येणार होती. प्राचार्यांनी तो मोठ्या आकारात छापून घेतला, फ्रेम करून जिन्याजवळच्या भिंतीवर लावला. खाली मुलीचं नाव आणि 'मार्गदर्शक' म्हणून माझं. आमच्या प्राचार्यांना कौतुक करायला आवडतं. त्यांनी तिच्या गावच्या ग्रामपंचायतीलाही एक प्रत पाठवली. महिन्याभराने ती मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. एवढी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती.

"मॅडम, झऱ्यांचं पाणी वाडीत आणायची योजना हाय... आहे. ग्रामसेवकांनी आपला नकाशा लावलाय अर्जाला. तालुक्याला गेला."

"अरे वा," मी म्हणाले. मला खरंच बरं वाटलं. त्या आनंदाच्या खाली एक बारीक टोचणी होती. ती कसली ते मी तपासलं नाही.

फेब्रुवारीत मला पुण्याच्या एका संस्थेत पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. समिती येण्याआधी प्रत्येक विभागातून एकाने तरी प्रत्यक्ष हजर राहून प्रशिक्षण घेतलेलं हवं होतं. हॉलमध्ये आम्ही तीसेक जण, बहुतेक पन्नाशीच्या आसपासचे. समोर एक तिशीचा प्रशिक्षक. पहिले दोन दिवस मी मागच्या रांगेत बसून शेजारच्या बाईंच्या पडद्यावर बघत बटणं दाबली. तिसऱ्या दिवशी त्याने एक जुना स्थलदर्शक नकाशा उघडला आणि त्यावर नदीकाठच्या एका देवळाचा मोबाईलने घेतलेला ठिपका टाकला. ठिपका नदीच्या पात्रात पडला.

"देऊळ नदीत का गेलं?" त्याने विचारलं.

माझ्या पुढच्या रांगेतले एक सर म्हणाले, "मोबाईलची चूक."

तेच उत्तर माझ्याही ओठांवर होतं.

"प्रत्येक बॅचमध्ये मला हेच उत्तर मिळतं," तो हसून म्हणाला. कुत्सितपणे नाही, सहज. मग त्याने समजावलं. हा जुना नकाशा काढणाऱ्यांनी पृथ्वीचा एक आकार धरला होता. मोबाईल दुसरा आकार धरतो. दोन्हींमध्ये त्याच अक्षांश-रेखांशाची जागा थोडी वेगळी येते. नकाशा संगणकात घेताना तो कोणत्या आकारावर काढलाय हे सांगायचं असतं, एका खिडकीत निवडायचं असतं. नाही निवडलं तर आपल्या भागात सगळं शंभर-सव्वाशे मीटर सरकतं. "मोबाईल बरोबर असतो. चूक आपली असते. आणि एक लक्षात ठेवा, ठिपके हाताने कधीही हलवू नका. एकदा हलवलेत की खरं काय होतं ते तुम्हालाही सापडणार नाही."

ती खिडकी मला माहीत होती. माझ्या वहीतली सहावी पायरी. तिच्यापुढे मी लिहिलं होतं, 'जे येईल ते ओके करा.'

लिहिता लिहिता माझा हात थांबला. चहाच्या सुट्टीत सगळे उठले, मी बसून राहिले. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हणाले, ऊन लागलं. त्या दिवशी हॉलमध्ये एसी होता.

लोकलने परत येताना कामशेत गेलं तरी मी एकच हिशोब करत होते. सव्वाशे मीटर म्हणजे किती? मैदानावर धावायला काहीच नाही. डोंगरउतारावर म्हणजे दुसरा ओढा, दुसऱ्याची जमीन, कातळ. आणि तिने तर ठिपके अंदाजाने हलवले होते, माझ्या सांगण्यावरून. त्या नकाशावरून कुणी पाइप टाकायला निघालं तर? मग वाटायचं, कोण निघतंय, योजना वर्षानुवर्षं पडून असतात. मग वाटायचं, आणि ही नाही पडून राहिली तर?

प्रशिक्षण संपवून सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले. काय झालंय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"मॅडम, समितीला तीन आठवडे राहिलेत."

"हो सर. म्हणूनच म्हणते, तो नकाशा उतरवू या."

"समिती भिंती बघते, मीटर मोजत नाही. तो कॉलेजचा सगळ्यात चांगला विद्यार्थी प्रकल्प म्हणून आपण अहवालात लिहिलाय. फोटोसकट."

"पण ग्रामपंचायतीला आपण पाठवलाय तो."

"ते इंजिनिअर बघतील की. विद्यार्थ्यांच्या नकाशावर कोण काम करतं?" त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "आणि तुम्ही हे लेखी काही देऊ नका. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय. तुमच्या तासांचा प्रश्न आधीच आहे."

ते चिडलेले नव्हते, समजावत होते. मी मान हलवून बाहेर आले आणि व्हरांड्यात मला कळलं की मी मान होकारार्थी हलवली होती.

विभागाच्या खोलीत माझी तळेगावची सहकारी पेपर तपासत बसली होती. मला कुणाला तरी सांगायचंच होतं. मी दार लोटलं आणि सगळं सांगितलं. ती पेन टेबलावर ठेवून ऐकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली,

"मला माहीत होतं, मॅडम."

"काय?"

"नकाशा भिंतीवर लागला त्याच दिवशी बघितलं. संगणकातला जुना नकाशा उघडला तर ती खिडकी तशीच सोडलेली होती. धरणाचा काठ मूळ नकाशातला आणि ठिपके मोबाईलचे, जुळणारच नव्हते. तरी जुळलेले दिसत होते. म्हणजे हलवलेले."

"मग बोलला का नाहीत?"

तिने टेबलावरचं पेन उचलून टोपण लावलं. "मॅडम, नेमणुकीसाठी माझी दर जूनला मुलाखत असते," ती म्हणाली. "समोर विभागप्रमुख म्हणून तुम्ही असता."

मला तिचा राग यायला हवा होता, निदान मला तसं वाटत होतं. राग आला नाही. मला आठवलं की वेळापत्रकाचा कागद मी पालथा ठेवला तेव्हा ती याच खुर्चीत बसली होती, आणि तिने तेव्हाही काही विचारलं नव्हतं. किती गोष्टी तिने अशा गिळल्या असतील याचा विचार करायला मी धजावले नाही.

"मला शिकवाल?" मी विचारलं. "आधी हे दुरुस्त करू. मग पहिल्यापासून."

"हो," ती म्हणाली. मग जरा घाबरून, "पण सरांना?"

"सरांचं मी बघते." हे म्हणताना माझा आवाज बारीक झाला होता.

मुलीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. दोन दिवस मी ती दिसली की दुसरीकडे वळायचे. बुधवारी तिला बोलावून बसवलं. ती उभीच राहत होती, मी बस म्हणाले. मग सांगितलं, डिसेंबरमध्ये मी दिलेलं उत्तर चुकीचं होतं, मोबाईल बरोबर होता, तुझे पहिले ठिपके बरोबर होते. ते ठेवलेस का कुठे?

"न्हाई मॅडम," ती म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडून वाडीची भाषा यायची. "त्याच्यावरच सेव केलं. तुमी म्हणालात..."

"मी म्हणाले. चूक माझी आहे, तुझी नाही."

ती टेबलाकडे बघत राहिली. "आबा म्हणले होते," ती हळूच म्हणाली. "नकाशा घरी नेला तेव्हा आबांनी बघितला. म्हणले, मधला झरा हितं न्हाई, वरल्या अंगाला हाय. मी त्यांना म्हणलं, तुमाला नकाशातलं काय कळतंय? मॅडमनी तपासलाय."

आबा म्हणजे तिचे आजोबा. ती रडली नाही. मलाच डोळे पुसावे लागले, आणि ते तिने पाहू नये म्हणून मी खिडकी लावायला उठले.

रविवारी आम्ही तिघी वाडीला गेलो. पवनानगरहून जीप मिळाली. रविवार असल्याने रस्त्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग होती, काठावरच्या तंबूंकडे निघालेल्या. जीपमध्ये मी मुलीच्या शेजारी बसले. मनात वाक्यं जुळवत होते. गावातले लोक काय म्हणतील? एवढी शिकलेली बाई, पगार घेते. म्हातारे आजोबा रागावले तर? नातीच्या शिक्षणावरून त्यांचं मन उडालं तर?

आबा ओट्यावर बसले होते. सत्तरी उलटलेली, अंगाने काटक. मी नमस्कार केला आणि जुळवलेलं सगळं विसरून म्हणाले, "आबा, नकाशा चुकला होता. तुमचं बरोबर होतं. तुमच्या नातीला मी चुकीचं सांगितलं."

त्यांनी नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"एवढं सांगाया आलात व्हय, बाई?"

"सांगायला, आणि परत मोजायला. तुम्ही दाखवाल का झरे?"

"लय चढ हाय."

"चढते मी."

ते उठले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि पुढे चालू लागले. रागावले की नाही ते मला चेहऱ्यावरून कळलं नाही. अर्ध्या वाटेत मला धाप लागली तेव्हा ते थांबले. म्हणाले, "आमी तवाच हासलो हुतो. त्या कागदापरमानं मधला झरा कातळावर येतुया. तितं पावसाळ्यातबी पानी ऱ्हात न्हाई. पर पोरगी म्हनली, कालेजात तपासलंय. म्हनलं, आसंल बाबा. आपल्याला कुटं वाचता येतंय."

मी त्यांच्या मागे चढत राहिले. वरती कारवीच्या झुडपांतून वाकून जावं लागलं आणि मग एका मोठ्या धोंड्याखाली पाणी दिसलं, ओंजळीएवढं, पण वाहतं. आबांनी काठी टेकवली. "हा बघा."

मी मोबाईल धरून उभी राहिले. माझ्या सहकारीने सांगितलं तसं पाच मिनिटं न हलता, आकडे स्थिर होईपर्यंत. ती वहीत लिहीत होती, मुलगी तेच आकडे दुसऱ्या वहीत लिहीत होती. तिन्ही झरे झाले. वाडीतली घरं झाली. घर पाण्यात दिसल्याचं नातीने त्यांना सांगितलं असावं. उतरताना आबांनी विचारलं, "आता आमी पान्यात न्हाई ना?"

"ते उद्या संगणकावर टाकल्यावर कळेल," मी म्हणाले. नाही, असं सांगून टाकायचं तोंडावर आलं होतं.

सोमवारी प्रयोगशाळेत सहावी पायरी मी स्वतः केली, सहकारी शेजारी उभी राहून. त्या खिडकीत बरोबर पर्याय निवडला आणि ठिपके टाकले. घरं पाण्याबाहेर, काठावर आली. मधला झरा ओढ्याच्या उगमाशी जाऊन बसला. मुलीने टाकलेला एक सुस्कारा मला ऐकू आला. मला मात्र आता पुढच्याची भीती वाटत होती, कारण आता पत्र लिहिणं टाळता येणार नव्हतं.

पत्र ग्रामपंचायतीला, प्रत तालुक्याच्या कार्यालयाला. आधीच्या नकाशातील तिन्ही पाणवठ्यांच्या जागा चुकीच्या आहेत, दुरुस्त नकाशा जोडला आहे, ही चूक विद्यार्थिनीची नसून मार्गदर्शक म्हणून माझी आहे. चार ओळी लिहायला मला तासभर लागला. 'त्रुटी' लिहू की 'चूक', यात वीस मिनिटं गेली. कॉलेजचं पत्र म्हणून पाठवायचं तर प्राचार्यांची सही हवी. पत्र त्यांच्या टेबलावर दोन दिवस पडून राहिलं. तिसऱ्या दिवशी मी तेच कोऱ्या कागदावर हाताने लिहून काढलं, खाली नाव आणि हुद्दा लिहिला आणि स्वतः नेऊन दिलं. ग्रामसेवकांनी पोचेची सही करताना विचारलं, "मग आधीचा काढून टाकायचा ना?" त्यांना त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मी मात्र पोचेचा कागद दोनदा वाचून पर्समध्ये ठेवला.

आठ दिवसांनी प्राचार्यांच्या कार्यालयातून लखोटा आला. पूर्वपरवानगीशिवाय बाहेर पत्रव्यवहार केल्याबद्दल लेखी खुलासा करावा. मी खुलासा केला, घडलं तसं. तो माझ्या फाइलमध्ये आहे, प्रमाणपत्रांच्याच शेजारी. भिंतीवरचा नकाशा त्यांनी बदलू दिला, पण गुपचूप, रविवारी, आणि अहवालातला फोटो जुनाच राहिला.

समिती आली. एक सदस्य आमच्या खोलीत दहा मिनिटं होते. गेल्या पाच वर्षांत विभागातल्यांनी कोणकोणती प्रशिक्षणं घेतली, त्यांची प्रमाणपत्रं दाखवा म्हणाले. मी दोन्ही दिली, टाळेबंदीतलं आणि पुण्याचं. त्यांनी दोन्हींपुढे सारखीच खूण केली. जाता जाता जिन्याजवळ थांबून ते नकाशाकडे बघत म्हणाले, "छान आहे." माझ्या मागे उभी असलेली माझी सहकारी खोकली. तेवढंच.

मेमध्ये तालुक्याचे इंजिनिअर वाडीत येऊन गेल्याचं मुलीने सांगितलं. हातात दुरुस्त नकाशा होता, तरी त्यांनी आबांना बरोबर घेऊन तिन्ही जागा पाहिल्या. काम अजून सुरू व्हायचंय.

जूनमध्ये मी विषय सहकारीच्या नावे लिहिला आणि कागद तिच्यासमोर सरळ ठेवला. माझे चार तास कमी झाले. पहिल्या वर्षाचा पर्यावरणाचा वर्ग मागून घेतला, त्याने दोन भरले. उरलेल्या दोनांवरून काय होईल ते कळलेलं नाही. ऑफिसमधला शिपाई लखोटा घेऊन आमच्या व्हरांड्यात वळला की अजूनही माझं बोलणं मध्येच तुटतं. गुरुवारी मी प्रयोगशाळेत शेवटच्या संगणकावर बसते, मुलांच्या रांगेत. पहिल्या दिवशी मुलं चपापली, आता कुणी लक्ष देत नाही. मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सहकारी माझ्याजवळ येते तेव्हा तिला आधी अवघडल्यासारखं व्हायचं, आता ती सरळ सांगते, "मॅडम, हे चुकलंय."

ती मुलगी आता बाहेरून एम.ए. करते आणि अभ्यासाला आमच्याच विभागात येते. झालेल्या प्रकारानंतर दीड-दोन महिने ती माझ्याकडे काही विचारायला आली नव्हती. समोर आली तर "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणून पुढे जायची. मी तिला थांबवलं नाही. मग एका दुपारी ती पावसाच्या नोंदींचा तक्ता घेऊन आली. मला येत होतं त्यातलं सांगितलं, एका ठिकाणी म्हणाले, हे मला नक्की माहीत नाही, बघून सांगते. तिने दोन्ही पेन्सिलीने लिहून घेतलं. मग माझ्यासमोरच उठून ती शेजारच्या टेबलाशी गेली, माझ्या सहकारीला तोच तक्ता दाखवला आणि विचारलं, "मॅडम असं म्हणतात. बरोबर आहे का?"

सहकारीने गोंधळून माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "बघा, तपासून सांगा तिला."

अजूनही ती असंच करते. माझं उत्तर घेते, ते दुसरीकडे पडताळते आणि मगच वहीत शाईने लिहिते. दोघींची डोकी त्या तक्त्यावर वाकलेली असतात, आणि त्यांचं होईपर्यंत मी थांबून राहते.